इंजिनाची पंगत

सोनाजी खिल्लारे यांच्या गाडीला आजवर ज्यांचे हात लागले, त्या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं असतं, तर रांगेचं एक टोक वसमतच्या बसस्टँडवर आणि दुसरं थेट डोंगरकड्यात निघालं असतं. हात लागले म्हणजे मागून लागले. धक्का मारायला. यात कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर त्यानं रविंद्रला विचारावं. रविंद्र म्हणजे सोनाजींचा मेहुणा, मालनबाईंचा धाकटा भाऊ, राहणार डोंगरकडा. तो तर ही रांग कुरुंद्याला वळसा घालून परत आणतो.

गाडी पांढरी, सत्त्याण्णव सालची. सोनाजी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. उशीर झाला तरी चालेल, पण पोचलं पाहिजे, हे त्यांचं नोकरीतलं तत्त्व त्यांनी गाडीलाही लावलं होतं, आणि गाडीनं त्यातला फक्त पहिला भाग मनावर घेतला होता. इंजिन सुरू झालं की खडखड खडखड असा आवाज करी, जणू आत कुणी पाट्यावर खडे वाटतंय. त्या आवाजावर गल्लीतल्या बाया कुकर लावत.

जानेवारीत रविंद्रच्या मुलीचा, दीक्षाचा, साखरपुडा झाला. सोनाजी रीतसर कोट घालून, मालनबाईंना शेजारी बसवून डोंगरकड्याला गेले. गाडी मांडवाच्या दारापर्यंत आली आणि बरोबर दारात बंद पडली. ना आत जाता येई, ना बाहेर. रविंद्रच्या हातात नेमका माईक होता. मेहुण्याच्या हातात माईक असणं हीच मुळात एक आपत्ती. तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या दाजींची गाडी आलेली हाय. तरी चार तरुण मंडळींनी ताबडतोब मागच्या बाजूला यावं."

चार नाही, चौदा आले. त्यांत नवरदेवही होता. नव्या कपड्यातला, कुरुंद्याचा, शिकला-सवरलेला मुलगा. त्यानं भावी सासऱ्याच्या दाजींची ओळख मागून करून घेतली.

जेवणं झाल्यावर दीक्षा सोनाजींजवळ येऊन बसली. आत्याच्या नवऱ्याला त्यांच्यात मामाच म्हणतात. ती म्हणाली, "मामा, म्या सासरी जाईन ते तुमच्याच गाडीत."

अकरावी-बारावीला ती वसमतला आत्याकडे राहून शिकली होती. नर्सिंगच्या परीक्षेला तिला याच गाडीनं नेलं होतं. पोरगी आता नांदेडला दवाखान्यात कायम नोकरीवर होती. सोनाजींचे डोळे भरून आले. तेवढ्यात रविंद्र आला.

"दाजी, पोरीची हौस हाय, माझी ना न्हाई. पर नवरदेवाचा मावसभाऊ नवी गाडी घेऊन येणार हाय. आत ह्यो एवढा टीव्हीवानी पडदा हाय तिला. लग्नाच्या दिवशी तुमच्या गाडीला मागून एक जरी हात लागला, तर दीक्षा त्या गाडीत बसन. मंजूर?"

"मंजूर!" सोनाजी ओरडले. "एक बोट जरी लागलं तर गाडी भंगारात घालीन!"

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी पस्तीस वर्षं संसार केला होता. नवरा 'मंजूर' म्हणाला की पुढं काय होतं ते त्यांना पाठ होतं.

*

दुसऱ्याच दिवशी सोनाजी किसनसिंगच्या गॅरेजात गेले. किसनसिंगनं बॉनेट उघडलं, तेल ओतायचं झाकण फिरवलं आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर जळक्या अंबाडीच्या भाजीसारखा काळा गोळा होता.

"मास्तरजी, किती बरस झाले तेल बदलून?"

"बदलून म्हणजे? कमी झालं की वरून टाकतो की!"

किसनसिंगनं बोट पुसलं. तो म्हणाला, "बराबर. मंग ऐका. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते तेल आणा, वीस-चाळीस नंबरचं. मापात टाका. तीनशे किलोमीटर चालवा, काढून टाका. परत तेच टाका, परत चालवा. ही काळी किचाट एकदम निघत नसते, आस्ते आस्ते निघते. तीन येळा केलं का इंजन साफ."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

सोनाजी नाराज होऊन बाहेर पडले. सल्ला सोपा होता आणि फुकट होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मराठवाड्यात माणसाचा विश्वास उडतो. शिवाय आस्ते आस्ते हा शब्द त्यांना झोंबला. चौदा माणसांचा अपमान आस्ते आस्ते कसा धुवायचा?

म्हणून त्यांनी गल्लीत विचारलं. गल्लीत विचारणं म्हणजे काय, तर सकाळी ओट्यावर बसून एकदा मोठ्यानं म्हणणं, "इंजिनात कोणतं तेल टाकावं कोण जाणे." बाकीचं गल्ली करते.

पहिले आले पुनमचंदशेठ. समोरचंच दुकान, सुट्या भागांचं. ते म्हणाले, "मास्तर, इंजिन म्हातारं झालं. म्हाताऱ्याची हाडं जशी ढिली होतात तशी आतली फट वाढलेली असते. जाड तेल पाहिजे, वीस-पन्नास. फट भरून निघन. पातळ तेल टाकाल तर ते इकडून शिरन आन तिकडून निघन."

ते सोनाजींना पटलं. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत होते.

मग शेजारचा प्रेमानंद आला. पुण्याच्या कंपनीत नोकरी, काम मात्र वसमतला घरच्या गच्चीत बसून. तो म्हणाला, "काका, जाड तेल? काहून? आधीच आत चिखल, त्यात तुमी डांबर ओतून राहिले? पातळ पाहिजे. शून्य-वीस. सिंथेटिक. कानाकोपऱ्यात जातं."

"शून्य-वीस?" सोनाजींनी संशयानं विचारलं. आकडा शून्यापासून सुरू होतो ही गोष्ट त्यांना कमीपणाची वाटली. पण पोरगा म्हणाला की पुण्यात सगळे हेच टाकतात, तेव्हा तेही पटलं.

तिसरा धर्मसिंग. तांड्यावरचा मोठा शेतकरी, हळदवाला, दोन ट्रॅक्टरांचा धनी. हळद शिजवायचे दिवस चालू होते. अंगाला तोच वास घेऊन तो आला आणि हसला. "मास्तर, ही सगळी बायकांची तेलं झाली. ट्रॅक्टरचं टाका, पंधरा-चाळीस. त्याच्यात साबणावानी ताकद असती. माझा ट्रॅक्टर दिवसभर हळदीच्या कढईजवळ धूर खातो, पर आतून बघा, काशाची वाटी!"

हेही पटलं. सोनाजींचा स्वभावच असा की समोरच्याचं पटत जाई. नोकरीत ते शिक्के मारत असत, विचार नाही.

आता गोची अशी की तिघंही रोजचे. पुनमचंदशेठचं तेल नाकारलं तर समोरासमोर दार, दिवसातून चाळीस वेळा नजरानजर. प्रेमानंदला नाही म्हटलं तर मोबाइल बिघडल्यावर कुणाकडे जायचं? आणि धर्मसिंग दरवर्षी घरची हळद देतो, तीही हातानं कांडलेली. सोनाजी एक रात्र तळमळले आणि सकाळी त्यांनी निवाडा केला. इंजिनात तेल मावतं तीन लिटर. सल्लागारही तीनच. तर प्रत्येकाचं एकेक लिटर!

एवढा न्याय्य निर्णय हिंगोली जिल्ह्यात अलीकडे झाला नव्हता असं त्यांचं मत होतं. मालनबाई एवढंच म्हणाल्या, "किसनसिंगला विचारलं का?"

"त्याला काय विचारायचं? त्यानंच तर तेल बदला म्हणून सांगितलं!"

*

रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. कार्यक्रमच म्हणायचा, कारण मालनबाईंनी दहा माणसांचा चहा टाकला होता. धर्मसिंग पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली गेला आणि त्यानं जुनं तेल काढलं. ते गळलं नाही, उतरलं. थकल्या म्हाताऱ्यासारखं, थांबत थांबत.

मग भरायला सुरुवात झाली. वयाच्या मानानं पहिला मान पुनमचंदशेठचा. त्यांनी एक लिटर ओतलं. मग प्रेमानंदनं एक लिटर ओतलं. मग धर्मसिंगनं पाच लिटरचा कॅन उचलला आणि ओतू लागला.

"एक लिटर, धर्मसिंग! एकच!"

"ओ मास्तर, घरी आलेल्याला एक पोळी वाढतो का कुणी? दुसरी घ्यावंच लागती. न्हाई म्हणू नका." आणि त्यानं दुसरं लिटर ओतलं.

पुनमचंदशेठचं तोंड उतरलं. "म्हणजे आमचं कमी झालं म्हणा की. आमी समोर राहतो, ते तांड्यावर राहतात, आन त्यांचं दोन लिटर? घ्या, माझ्याकडून एवढं तरी." त्यांनी दुकानातून दुसरी बाटली आणून तीही रिकामी केली.

"शेठ, मावत न्हाई हो आता!"

"मावतंय, मावतंय. जागा असती पोटात."

प्रेमानंद तरी शिकलेला, तो गप्प बसेल असं वाटलं होतं. पण त्याची आई ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "आरं, समदे वाढून राहिले अन् तू उभा काय? आपल्या घरचं काय कमी हाय का?" झालं. सहावं लिटर.

इंजिनाला 'पुरे' म्हणता येत नाही. ताटावर आडवा हात धरता येत नाही. माणसाचा असा आग्रह झाला तर माणूस निदान ढेकर देतो, पान उचलतो, वेळ पडली तर पळून जातो. त्या मुक्या जिवाच्या पोटात तीन लिटरच्या जागी सहा लिटर गेलं, तेही तीन जातींचं, आणि वर सगळे चहा पीत म्हणाले, "चला, तब्येतीत झालं."

सोनाजींनी किल्ली फिरवली.

आधी काहीच झालं नाही. मग एक उचकी आली. मग मागच्या नळीतून निळसर-पांढरा धूर निघाला, आणि तो निघतच राहिला. लोक सांगतात, गल्लीतलं बुद्धविहार दिसेनासं झालं. लोक असंही सांगतात की बसस्टँडवरच्या एका चालकानं धुकं समजून दिवे लावले. आपण तेवढं मोठं करून सांगायला नको. पण प्रेमानंदची आई ओट्यावरून नाहीशी झाली होती आणि तिचा फक्त आवाज येत होता, हे खरं.

आता अशा वेळी शहाणा माणूस गाडी बंद करतो. पण गाडीचा प्रदूषणाचा दाखला संपला होता, लग्नाला विनाकागद जाणं सोनाजींच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि सगळी गल्ली बघत होती. "थोडा धूर निघणारच, घाण जळतीय आतली," असं म्हणून त्यांनी गाडी तशीच दाखला काढायला नेली.

पुढच्याच बोळात बाया दारं उघडून बाहेर आल्या. "माठ झाका गं, माठ झाका! डासाचा धूर आला!" पोरं ओरडत मागं धावू लागली. एका म्हातारीनं काठी आडवी घातली आणि गाडी थांबवली. "काय रे, दरसाली वरच्याच गल्लीतून जाता? आमच्याकडं डास न्हाईत का? आमचं रक्त काय गोड न्हाई?"

"आजी, ही माझी गाडी आहे!"

"व्हय, सरकारी माणूस असंच म्हणतो. वळव इकडं!"

सोनाजींना वळवावी लागली. चार बोळांतून फिरून ते धूर तपासून दाखला देणाऱ्या गाडीजवळ पोचले. तिथल्या माणसानं मशीनची नळी मागं लावली. मशीननं एक आकडा दाखवला, मग दुसरा दाखवला, मग एकदम डोळे मिटले. तो माणूस बराच वेळ मशीनला थापट्या मारत बसला. शेवटी म्हणाला, "काका, तुमी जा. तुमच्यापायी मशीन बी जाईल."

गाडी तिथंच बंद पडली. घरापर्यंत ती कशी आली ते सांगायला नको. अकरा माणसं होती.

*

अपमान एवढ्यावर संपला असता तर सोनाजींनी गिळला असता. पण मंगळवारी चौकात मोठा फलक लागला. 'डासमुक्त प्रभागासाठी धूर फवारणी. राजनंदिनीताईंच्या अखंड पाठपुराव्याला यश.' शेजारी हात जोडलेला फोटो. राजनंदिनीताई पुढच्या निवडणुकीला उभ्या राहणार होत्या, आणि त्या चार बोळांतले डास, कुणास ठाऊक कसे, खरंच कमी झाले होते.

सोनाजींचं रक्त उसळलं. मानहानी आपली, तेल आपलं, धूर आपला, आणि यश ताईंचं? ते तडक नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, "म्हणजे सदर धूर आपला होता असं आपलं म्हणणं आहे."

"म्हणणं नाही, वस्तुस्थिती आहे!"

"पुरावा?"

"धुराला कसला पुरावा?"

"तेच म्हणतो मी. अर्ज करा. धूर आपलाच असल्याबद्दल दोन साक्षीदारांच्या सह्या, गाडीचे कागद आणि प्रदूषणाचा दाखला जोडा."

"दाखलाच तर मिळेना म्हणून धूर झाला!"

"मग असं करा साहेब," कारकून आवाज खाली आणून म्हणाला, "विचार करा. धूर ताईंचा असला तर सत्कार आहे. तुमचा असला तर नोटीस आहे. कुणाच्या नावावर टाकू?"

आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारलेला माणूस. त्या दिवशी आपला कोरा अर्ज घडी करून खिशात घालून परत आला. चौकातून येताना फलकावरच्या फोटोकडे त्यांनी असं पाहिलं की फोटोनं जोडलेले हात सोडायला हवे होते.

लग्नाला चार आठवडे राहिले होते. फोनवर रविंद्र म्हणाला, "दाजी, ऐकलं म्या. आता राहू द्या. पोरीला समजावतो. तुमी एस.टी.नं या, आरामात या."

त्यातला 'आरामात' हा शब्द सोनाजींना फलकापेक्षा जास्त लागला.

ते किसनसिंगकडं गेले. किसनसिंगनं तेल मोजायची कांडी ओढून बघितली, तोंडाला लावावी की काय अशी जवळ नेली, वास घेतला आणि विचारलं, "ह्याच्यात काय काय हाय?"

सोनाजींनी सांगितलं. कुणाचं किती, ते माणसागणिक सांगितलं.

"मास्तरजी," किसनसिंग म्हणाला, "हे इंजन हाय. पाव्हणा न्हाई." आणि होतं नव्हतं ते सगळं तेल त्यानं सोडून दिलं. मग वीस-चाळीस तेल आणलं. बरोबर मापात भरलं, कांडीवरच्या दोन खुणांच्या मधोमध. वर झाकण लावून त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता कुणी काय बी म्हणो, हे झाकण माझ्याबिगर उघडायचं न्हाई."

तीनशे किलोमीटर कुठं चालवायची? सोनाजींना वसमतमध्ये काम नव्हतं, बाहेर तर अजिबात नव्हतं. ते रोज सकाळी मालनबाईंना घेऊन औंढ्यापर्यंत जात आणि तसेच परत येत. कुणी विचारलं, "काय मास्तर, कुठं?" तर सांगत, "तेल घोळवून येतो." मालनबाईंनी तीन आठवड्यांत जेवढा तालुका बघितला तेवढा पस्तीस वर्षांत बघितला नव्हता. पहिलं तेल निघालं ते काजळासारखं. दुसरं निघालं ते काळ्या चहासारखं. तिसरं चहासारखं, दूध घातलेलं नव्हे, पण पिणाऱ्याला चाललं असतं असं. दाखलाही मिळाला. मशीननं हूं की चूं केलं नाही.

आणि आवाज गेला. रोज थोडा थोडा गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी सोनाजींनी अंगणात किल्ली फिरवली, कान दिला, काहीच नाही म्हणून पुन्हा फिरवली तर कर्रर्र झालं. गाडी आधीच चालू होती. सोनाजी सीटवर बसून एकटेच हसले. गल्लीतल्या तीन घरांत त्या दिवशी कुकर उशिरा लागले.

*

लग्न साडेबाराचं होतं. सोनाजी अकरालाच डोंगरकड्यात हजर. गाडी मांडवासमोर आली, थांबली, त्यांच्या मर्जीनं थांबली. रविंद्र माईक घेऊन तयार होता, तो नुसताच उभा राहिला. "पोचलात?" एवढंच म्हणाला. सोनाजींनी कोटाची कॉलर नीट केली. एवढं सुख त्यांना पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झालं नव्हतं.

त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली. तो पडदावाला मावसभाऊ आपली गाडी चमकवून उभा होता. दीक्षा पांढऱ्या साडीत आली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि सरळ सोनाजींच्या गाडीत मागं जाऊन बसली. नवरदेवही बसला, मालनबाई पुढं बसल्या. सगळा गाव भोवती.

सोनाजींनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

कुणालाच ऐकू आलं नाही.

पंचवीस वर्षं ज्या गावानं ती गाडी खडखडताना ऐकली होती, ते गाव कान टवकारून उभं होतं, आणि आवाज काही येईना. मग कुणीतरी मागून म्हणालं, "न्हाई झाली."

"सुरू आहे!" सोनाजी म्हणाले.

"न्हाई झाली, न्हाई झाली! चला रे!"

"अहो सुरू आहे! सुरू आहे!" पण बँडवाल्यांनी तेवढ्यात सुरू केलं. गाडी एकदम पुढं सरकली. मागं चाळीस माणसं होती. चुलते, मालते, बँडमधला एक, ज्यांनी आयुष्यात कधी कुदळ उचलली नाही असे दोन गुरुजी. सोनाजी खिडकीतून अर्धे बाहेर आले. "सोडा! हात काढा! चालू गाडी आहे ही! अरे चालू गाडीला धक्का मारता का, अडाण्यांनो!" लोकांना वाटलं, मास्तर हुरूप देताहेत. त्यांनी आणखी जोर केला. चालू इंजिनाची, तीन वेळा तेल बदललेली गाडी डोंगरकड्याच्या वेशीपर्यंत माणसांच्या हातांनी गेली.

वेशीवर सोनाजींनी ब्रेक दाबला. खाली उतरले. कोट घामानं भिजलेला. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बोट रोखलं. "बघा! पट्टा फिरतोय की नाही? बघा!"

रविंद्र पुढं आला. त्यानं वाकून पाहिलं. पट्टा फिरत होता. त्यानं बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

"सुरू हाय," तो म्हणाला.

"मग सांग! माईक आण आणि सगळ्यांना सांग!"

"माईक मांडवात राहिला, दाजी." मग त्याला आठवलं. "आन काय बी असो, हात तर लागला ना? एक न्हाई, चाळीस. शब्द तो शब्द. दीक्षा, उतर बाई."

दीक्षानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. काजळ गालापर्यंत आलं होतं, आणि ती हसत होती. "बाबा, पैला हात तुमचाच लागला. म्या आरशात बघितलं. आता तुमीच बसा त्या पडद्याच्या गाडीत."

मंडळी हसली. रविंद्रनं तळहात मागं लपवला. दीक्षा म्हणाली, "मामा, चला. कुरुंद्याला सासू वाट बघून राहिली."

सोनाजी बसले, पण राग गेला नव्हता. लग्न पार पडलं, पोरगी गाडीत आहे, गाडी लोण्यासारखी चालतेय, आणि तरी डोंगरकडा जन्मभर काय सांगणार? की धक्का मारला. या अन्यायाला इलाज एकच होता. गाडी सुरू आहे हे वाटेतल्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे. त्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला आणि तो कुरुंद्यापर्यंत उचलला नाही. मालनबाई म्हणाल्या, "अहो, पुरे," तरी उचलला नाही.

कुरुंद्यात, जेवणं उरकून पुढं निघून आलेली वराकडची मंडळी दारात ओवाळायला उभी होती. लांबून तो अखंड हॉर्न ऐकू आला. नवरदेवाच्या वडिलांनी क्षणभर कान दिला, मग उपरणं कमरेला बांधलं आणि मागं वळून ओरडले, "पळा रे! साखरपुड्याची ती गाडी अडकली दिसती कुठंतरी!"

सोनाजींनी गावाचं वळण घेतलं तेव्हा समोरून, बाह्या वर सारलेली, तीस-चाळीस माणसं धावत येत होती.